ॲपमध्ये मोबाईल ओळखायचा कसा, आणि कुठे थांबायचं

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडे ॲप बनवायची कामं घ्यायला लागलात की एक मागणी तुमच्या वाट्याला येणारच. क्लासवाला म्हणतो, "फी एकाची अन् व्हिडिओ चौघं बघायलेत, ते बंद करा." मोंढ्यातला आडत्या म्हणतो, "खातं फक्त मुनीमाच्याच मोबाईलवर उघडलं पाहिजे." दूध संकलनवाल्याला संशय असतो की एकाच फोनवरून दहा जणांच्या नावाने नोंदी पडतायत. तिघांचंही म्हणणं एकच: फोन ओळखा.

नेटवर शोधलं तर उत्तरं ढिगाने सापडतात. आयएमईआय (फोनचा कारखान्यातूनच आलेला नंबर) घ्या, मॅक ॲड्रेस (वाय-फाय, ब्लूटूथचा नंबर) घ्या, सिमचा नंबर वाचा. यातली बहुतेक उत्तरं जुनी आहेत. काही आता चालतच नाहीत, काही चालली तरी स्टोअरवाले ॲप परत पाठवतात, आणि काहींमुळे उद्या तुमच्या गिऱ्हाइकावर कायद्याची जबाबदारी येऊ शकते. नव्याने या कामात पडलेल्यांसाठी आज चालणारी वाट खाली लिहिली आहे. कोड दिलेला नाही. कोड कागदपत्रांत मिळतो, घोळ त्याच्या आधीच्या निर्णयांत होतो.

हाताशी काय हवं

- अँड्रॉइड स्टुडिओ आणि किमान दोन खरे फोन: एक नव्या अँड्रॉइडचा, एक आठ किंवा नऊ आवृत्तीचा जुना. जुना फोन सेकंडहँड दुकानात स्वस्तात मिळतो. बॅकअप आणि रीसेटच्या चाचण्या एम्युलेटरवर उरकू नका.
- प्ले कन्सोलचं खातं (एकदाच 25 डॉलर). आयफोनसाठी काम असेल तर मॅक आणि ॲपलचं डेव्हलपर खातं (वर्षाला 99 डॉलर).
- स्वतःच्या ताब्यातला सर्व्हर आणि डेटाबेस.
- सगळ्यांना उघडता येईल असं प्रायव्हसी पॉलिसीचं पान, मराठीतही.
- गिऱ्हाइकाची मागणी लेखी. व्हॉट्सॲपवर आली तरी चालेल, पण वाक्य त्याचं हवं.

1. आधी विचारा: नेमकं काय अडवायचंय?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "फोन लॉक करा" या मागणीच्या पोटात वेगवेगळ्या गरजा असतात, आणि प्रत्येकीला वेगळी ओळख लागते.

क्लासवाल्याला खोदून विचारलंत तर बहुतेक वेळा कळतं की त्याला एकाच वेळी चार ठिकाणी व्हिडिओ चालणं बंद करायचंय. त्यासाठी फोन ओळखायची गरजच नाही. एका खात्याचं एकच सत्र चालू ठेवा, दुसरीकडे लॉगिन झालं की पहिलीकडचं बंद करा. लॉगिनचं टोकन (लॉगिन झाल्यावर सर्व्हर देतो ती तात्पुरती खूण) पुरतं.

कुणी "एक पोरगा, एक फोन" यावर अडून बसलाच, तर त्याला आपल्याकडची घरं आठवून द्या. घरात अभ्यासाला वापरता येईल असा फोन बापाचा. दिवसभर तो शेतात किंवा दुकानावर, रात्री पोरीच्या हातात. सुट्टीत भाऊ हॉस्टेलवरून आला की त्याच्या फोनवर अभ्यास. अशा ठिकाणी एकाच फोनची अट घातली की पहिल्या आठवड्यात क्लासच्या ऑफिसचा फोन वाजून वाजून थकतो. दोन फोनांची मर्यादा आणि जुना फोन स्वतः काढायची सोय, एवढ्यात काम भागतं. उलट बाजूही असते: एकाच फोनवर नववीतला भाऊ आणि अकरावीतली बहीण, दोघांची खाती. म्हणून "एका फोनवर एकच खातं" हा नियम तर घालूच नका.

दूध संकलनाचंही तसंच. केंद्रावरचा पोरगा एकाच फोनवरून साऱ्या शेतकऱ्यांच्या नोंदी करतो, हे त्याचं कामच आहे. तिथे फोनपेक्षा नोंद कुणाच्या लॉगिनने आणि किती वाजता झाली ते महत्त्वाचं.

आडत्याची गरज मात्र खरी आहे. हिशोबाचं खातं ठरावीक फोनाबाहेर उघडू नये, हे कडक काम. त्याची वाट पायरी 5 मध्ये.

गरज ठरली की एक नियम धरा: काम भागेल अशी सर्वांत कमी आयुष्याची ओळख निवडा. लॉगिनच्या टोकनावर भागत असेल तर इन्स्टॉलेशनचा नंबर (फोनवर टाकलेल्या ॲपला आपण दिलेला, पायरी 3) नको, इन्स्टॉलेशनच्या नंबरावर भागत असेल तर फोनचा नको.

2. बंद झालेली दारं ओळखून घ्या

- आयएमईआय आणि सिरियल नंबर: अँड्रॉइड 10 पासून (2019) साध्या ॲपला मिळत नाहीत. त्यासाठी लागणारी परवानगी फोन बनवणाऱ्याच्या किंवा सिस्टिमच्या ॲप्सना असते. नव्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपने मागितलं तर सिक्युरिटी एक्सेप्शन (परवानगी नसल्याची एरर) येतं.
- मॅक ॲड्रेस: अँड्रॉइड 6 पासून (2015) वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्हींचं उत्तर 02:00:00:00:00:00 असंच येतं. आयफोनवर हेच आयओएस 7 पासून (2013).
- आयफोनचा यूडीआयडी (प्रत्येक आयफोनचा कायमचा नंबर): ॲपलने 1 मे 2013 पासून तो वाचणारी ॲप्स घेणं बंद केलं.
- जाहिरात आयडी: हा फक्त जाहिरातीसाठी. वापरणारा तो पुसू शकतो, आणि पुसला की तुमच्या हाती नुसती शून्यं येतात. आयफोनवर आयओएस 14.5 पासून (एप्रिल 2021) त्यासाठी वेगळी परवानगी विचारावी लागते. लॉगिनची राखण यावर उभी करू नका.

मग काही जण शक्कल काढतात: फॉर्ममध्येच आयएमईआय टाकायला लावायचा, *#06# दाबून. हे करू नका. तो नंबर फोन चोरीला गेला तर संचार साथीवर तक्रार देऊन फोन ब्लॉक करण्याच्या कामाचा आहे, क्लासच्या एक्सेल शीटमध्ये पडून राहायचा नाही.

दुसरी शक्कल फिंगरप्रिंटिंगची, म्हणजे स्क्रीनचा आकार, भाषा, मेमरी, अँड्रॉइडची आवृत्ती वगैरे जोडून फोन ताडायचा. ॲपलने याला साफ मनाई केली आहे, वापरणाऱ्याने परवानगी दिली असली तरीही. आणि आपल्याकडे ते नीट चालतही नाही. एका बॅचमधल्या कितीतरी पोरांकडे एकाच कंपनीचा एकच स्वस्त मॉडेल असतो. भाषा तीच, सिमकंपनी तीच, आवृत्ती तीच. दोन अनोळखी पोरं तुमच्या सर्व्हरला एकच वाटतात, आणि एकाच्या चुकीवर दुसऱ्याचं खातं बंद होतं.

"फोन" गटाची परवानगीही मागू नका. ती मागितली की पडद्यावर कॉल करण्याची आणि सांभाळण्याची परवानगी विचारली जाते. पालक ते वाचतात आणि "हे ॲप कॉल ऐकतंय" असं गावभर होतं.

3. इन्स्टॉलेशनला आपणच नंबर द्या

दहातल्या नऊ कामांना हे पुरतं. ॲप पहिल्यांदा उघडलं की एक रँडम यूयूआयडी (दुसरीकडे पुन्हा न निघणारा लांब नंबर) तयार करा आणि ॲपच्या स्वतःच्या जागेत ठेवा. कोटलिनमध्ये एका ओळीचं काम, परवानगी शून्य. दवाखान्यात मिळणाऱ्या टोकनासारखा हा नंबर असतो: तो कुणाचा हे तुमच्या वहीशिवाय कुणाला कळत नाही. दोन फोनांवर योगायोगाने एकच निघेल ही भीती सोडा, त्यात 122 बिट रँडम असतात. ॲप काढलं की नंबर जातो, परत टाकलं की नवा. प्रायव्हसीच्या बाजूने ही जमेचीच गोष्ट.

इथला सापळा फार जणांना माहीत नसतो. अँड्रॉइड 6 पासून ॲपच्या डेटाचा आपोआप गुगल ड्राइव्हवर बॅकअप होतो, आणि शेअर्ड प्रेफरन्सेस (ॲप आपली छोटी माहिती ठेवतं ती फाइल) त्यात येतात. पोराने नवा फोन घेतला, जुन्यावरून सगळं उतरवून घेतलं, की तुमचा यूयूआयडीही त्यासोबत नव्या फोनवर येतो. जुना फोन धाकट्या भावाकडे गेलेला असतो. आता दोन फोन, नंबर एकच, आणि तुमची दोन फोनांची मर्यादा कागदावरच.

उपाय सोपा आहे: नंबर नो-बॅकअप फोल्डरमध्ये ठेवा, किंवा बॅकअपच्या नियमांत ती फाइल वगळा. अँड्रॉइड 12 पासून नियमांची फाइल वेगळी लागते. क्लाउड बॅकअप आणि फोन-ते-फोन बदली हे तिथे दोन वेगळे भाग आहेत. दोन्हींत वगळा.

4. ॲप काढून परत टाकलं तरी ओळखायचं असेल

मोफत चाचणीचे सात दिवस संपले की ॲप काढायचं, परत टाकायचं, परत सात दिवस. हा उद्योग थांबवायचा असेल तर पायरी 3 कमी पडते.

अँड्रॉइडवर अँड्रॉइड आयडी वापरा. अँड्रॉइड 8 पासून (2017) तो फोन, फोनवरचा वापरकर्ता आणि ॲपची सही करणारी किल्ली (ॲप तुमचंच आहे हे दाखवणारी डिजिटल सही जिने होते ती) या तिन्हींवर ठरतो. त्यामुळे तुमच्या ॲपला दिसणारा आयडी आणि शेजारच्या कंपनीच्या ॲपला दिसणारा आयडी वेगळे असतात, दोघांनी डेटा जुळवायचा म्हटला तरी जुळत नाही. ॲप काढून टाकलं तरी तो तसाच राहतो, फॅक्टरी रीसेट केला की बदलतो. सेकंडहँड फोन रीसेट होऊन विकला जातो तेव्हा नव्या मालकाच्या माथी जुन्याचा इतिहास येत नाही, हा त्याचा फायदाच.

सापळे तीन:

किल्ली बदलली की आयडी बदलतो. चाचणीसाठी व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके तुमच्या किल्लीने सही केलेली असते. प्ले स्टोअरवरून उतरणारी आवृत्ती, प्ले ॲप सायनिंग चालू असेल तर, गुगलकडे ठेवलेल्या किल्लीने. दोन्हींचे आयडी वेगळे. क्लासच्या ट्रायल बॅचला एपीके वाटून नंतर प्ले स्टोअरवर नेलंत, तर सगळी पोरं "नवा फोन" म्हणून दिसतील. चाचणी पहिल्यापासून प्ले कन्सोलच्या इंटर्नल टेस्टिंगमधूनच करा.

ड्युअल ॲप. बऱ्याच फोनांत एकाच ॲपची दुसरी प्रत काढता येते, आणि ती वेगळ्या प्रोफाइलमध्ये चालते. आयडी वेगळा मिळतो. पोरांना हे तुमच्या आधी कळतं.

तिसरा म्हणजे तो कायमचा समजणं. रीसेट कुणीही करू शकतो. सात दिवसांच्या मोफत व्हिडिओसाठी सगळा फोन पुसणारा पोरगा विरळा, त्याच्यामागे लागू नका.

आयफोनवर यासाठी आयडेंटिफायर फॉर व्हेंडर आहे, पण त्या फोनवरून तुमची सगळी ॲप्स काढली की तो बदलतो. चाचणी वापरली की नाही एवढंच लक्षात ठेवायचं असेल तर ॲपलचं डिव्हाइसचेक बघा: प्रत्येक फोनमागे फक्त दोन बिट साठवता येतात, ते ॲपलकडे राहतात, आणि फोन कुठला हे तुम्हाला कळतही नाही. मला ही रचना फार आवडते. प्रश्न "मोफत चाचणी झाली का?" एवढाच असेल तर उत्तरही एका बिटाचंच हवं.

5. खरंच कडक हवं असेल तेव्हा

आडत्याच्या खात्यासाठी नंबर वाचून उपयोग नाही, कारण नंबर कॉपी होतो. इथे फोनच्या कीस्टोअरमध्ये (किल्ल्या ठेवायची सुरक्षित जागा) किल्ल्यांची जोडी तयार करा. खासगी किल्ली फोनबाहेर काढता येत नाही, सार्वजनिक किल्ली सर्व्हरला द्या. लॉगिनच्या वेळी सर्व्हर एक ताजा रँडम आकडा पाठवतो, ॲप त्यावर खासगी किल्लीने सही करून परत देतं, सर्व्हर सही तपासतो. आकडा एकदाच चालतो, म्हणून मधल्या मधे कुणी सही उचलली तरी पुन्हा वापरता येत नाही. फोनबद्दल काहीही न विचारता "हाच तो फोन" हे सिद्ध होतं. आयफोनवर हेच काम सिक्युअर एन्क्लेव्ह या सुरक्षित भागातली किल्ली करते.

ॲप काढलं की अँड्रॉइडवरची किल्ली जाते. म्हणून फोन पुन्हा जोडायची रीत आधीच ठरवा: मालकाच्या फोनवर मंजुरी, मगच मुनीमाचा नवा फोन चालू. हंगामात सोयाबीनची आवक जोरात असताना मुनीमाचा फोन पडला आणि मंजुरी देणारा मालक सापडत नाही, असं होतं. मंजुरी देणारी दोन माणसं ठेवा.

6. सर्व्हरवर काय ठेवायचं

खात्याचा क्रमांक, इन्स्टॉलेशनचा नंबर किंवा सार्वजनिक किल्ली, जोडल्याची तारीख, शेवटच्या वापराची तारीख आणि फोनला दिलेलं नाव. बस. लोकेशन, कॉन्टॅक्ट, फोनमधल्या इतर ॲप्सची यादी यातलं काही नको. "पुढे लागलं तर" म्हणून घेतलेला डेटा पुढे फक्त गळतो.

फोनचं नाव वापरणाऱ्यालाच देऊ द्या. सिस्टिमकडून मिळणारं मॉडेलचं नाव पुष्कळदा अक्षर-आकड्यांचं कोडं असतं, ते वाचून कुणाला काही कळत नाही. "पप्पांचा फोन", "दादाचा हॉस्टेलवरचा" असं असलं की कुठला काढायचा ते पोरगी स्वतः ठरवते, तुम्हाला फोन करत नाही.

आता हॅशबद्दल (नंबरावरून गणिताने काढलेली, उलटी न फिरवता येणारी खूण), कारण इथे सगळे फसतात. "आम्ही नंबर थेट ठेवत नाही, हॅश ठेवतो" असं म्हणून माणूस निवांत होतो. आयएमईआयचे 15 आकडे. पहिले आठ मॉडेलवरून ठरतात, शेवटचा तपासणीचा. उरले सहा, म्हणजे मॉडेल माहीत असेल तर फक्त 10 लाख शक्यता. साधा लॅपटॉप त्या बघता बघता तपासतो. मोबाईल नंबरही तसाच: दहा आकडी, सुरुवात 6 ते 9 ने, म्हणजे 400 कोटींच्या आत. नुसता हॅश ही लपवाछपवी झाली, संरक्षण नाही. ठेवायचंच असेल तर सर्व्हरवरची गुप्त किल्ली मिसळून हॅश (एचमॅक) करा, आणि ती किल्ली डेटाबेसपासून वेगळ्या जागी ठेवा.

मोबाईल नंबर हीच माणसाची कायमची ओळख, असंही धरू नका. बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, रिचार्ज राहून जातो, सिम बंद पडतं, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. त्या दुसऱ्याने ओटीपी टाकला की पहिल्याचं खातं उघडतं. नंबर बराच काळ वापरात नसेल तर ओटीपीच्या जोडीला आणखी एक खूण विचारा.

7. सांगून करा: सूचना, कायदा, स्टोअरचे फॉर्म

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी 18 महिन्यांची मुदत आहे. तुमच्या कामाला लागणाऱ्या गोष्टी अशा: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचता आली पाहिजे, आणि मराठी त्यात आहे. संमती देणं जितकं सोपं, काढून घेणंही तितकंच सोपं हवं. आणि 18 वर्षांखालचा प्रत्येक जण कायद्याने बालक. क्लासचे बहुतेक विद्यार्थी त्यात येतात. त्यांच्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि त्यांचा माग काढणं किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणं मना आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सूट आहे. आपला क्लास तीत बसतो का, हे क्लासच्या वकिलाकडून लेखी घ्या. दंडाची कमाल मर्यादा, सुरक्षेत हलगर्जी केल्यास, 250 कोटी आहे. हा आकडा गिऱ्हाइकाला सांगितला की "सगळ्यांचं लोकेशन पण घ्या" ही मागणी बहुधा आपोआप मागे पडते.

सूचना लांबलचक नको. मी क्लासच्या ॲपला ही देतो:

"हा फोन तुमच्या खात्याला जोडत आहोत. त्यासाठी ॲप स्वतः एक नंबर तयार करून या फोनमध्ये ठेवतं. तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, लोकेशन आम्ही घेत नाही. एका खात्याला दोन फोन जोडता येतात. ‘माझे फोन’ मध्ये जाऊन कोणताही फोन कधीही काढता येईल. सहा महिने न वापरलेल्या फोनची नोंद आम्ही पुसतो."

शेवटचं वाक्य लिहिलंत तर सर्व्हरवर ते काम रोज आपोआप चालवा. लिहायचं आणि पुसायचं नाही, हे न लिहिण्यापेक्षा वाईट.

प्ले कन्सोलच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्ये डिव्हाइस किंवा इतर आयडी असा रकाना आहे. यूयूआयडी सर्व्हरला पाठवत असाल तर तिथे "हो" लिहा. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते मिटवायची सोय ॲपमध्ये आणि वेबवरही द्यावी लागते. आयफोनसाठी प्रायव्हसी मॅनिफेस्टची (ॲप कुठला डेटा घेतं ते सांगणारी) फाइल भरा.

फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट तपासा: शेवटी बनलेल्या अँड्रॉइड मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या लिहिलेली फाइल) जाहिरात आयडीची परवानगी आली आहे का? तुम्ही मागितलेली नसते, पण ॲनालिटिक्स किंवा जाहिरातीची एखादी लायब्ररी ती गुपचूप घेऊन येते. अँड्रॉइड स्टुडिओत मर्ज झालेला मॅनिफेस्ट बघा आणि नको असेल तर ती ओळ काढून टाकायची सूचना लिहा. नाहीतर फॉर्मवर एक आणि ॲपमध्ये दुसरंच, असं होतं.

8. देण्याआधी या चाचण्या करा

दोन्ही फोनांवर, एकेक करून:

- ॲपचा डेटा पुसा: यूयूआयडी नवा, कीस्टोअरची किल्ली गेलेली, अँड्रॉइड आयडी तोच.
- ॲप काढून परत टाका: वरच्यासारखंच.
- ॲप अपडेट करा: काहीच बदलू नये.
- सिम बदला: काहीच बदलू नये. बदललं तर तुम्ही कुठेतरी सिमवर विसंबलाय.
- बॅकअपवरून दुसरा फोन चालू करा: यूयूआयडी नवाच हवा. इथे जुना दिसला तर पायरी 3 परत वाचा.
- ड्युअल ॲप तयार करा: दुसरा फोन म्हणून मोजला जातो का ते बघा आणि गिऱ्हाइकाला सांगा.
- फॅक्टरी रीसेट: सगळं नवं, पण जुन्या नोंदीमुळे खातं अडकता कामा नये.
- नेट बंद ठेवून ॲप उघडा: फोन जोडलेला असेल तर आधी उतरवलेले व्हिडिओ चालले पाहिजेत. खेड्यात लाइट गेली की टॉवरही गेल्याचं पोरांना माहीत आहे, तुमच्या ॲपला माहीत नसतं.

खात्याला जोडलेले फोन रीसेट करून द्यायचा, म्हणजे जुनी जोडणी काढायचा अधिकार क्लासच्या ऑफिसमधल्या एका माणसाला द्या, स्वतःकडे ठेवू नका. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की पहिले पंधरा दिवस तेच काम चालतं. प्रत्येक रीसेटची तारीख आणि कुणी केला याची नोंद ठेवा, आणि एकाच खात्याचे महिन्यात तीनपेक्षा जास्त रीसेट झाले की खातं आपोआप बंद न करता ऑफिसला फक्त खूण दाखवा. घरी फोन करून विचारायचं काम ऑफिसचं.